केंद्रीय प्रवृत्तीची परिमाणे (वैद्यकीय सांख्यिकी)

रुग्णांच्या गटातील मोजमापे साधारणपणे कोणत्या किमतीभोवती गोळा झाली आहेत, हे एका संख्येत सांगणारी परिमाणे. मध्य (सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) आणि बहुलक (सर्वाधिक वेळा आढळणारी किंमत) ही नेहमीच्या वापरातली. ती काढण्याचे गणित शाळेतलेच आहे. कोणते परिमाण कुठे वापरायचे, हे ठरवणे अवघड.

निरोगी प्रौढांची उंची किंवा हिमोग्लोबिन यांची विभागणी बरीचशी सममित, म्हणजे मधल्या किमतीच्या दोन्ही बाजूंना सारखी असते, त्यामुळे तेथे मध्य निर्धास्तपणे वापरता येतो. रुग्णालयातील मुक्कामाचे तसे नाही. समजा, सात रुग्ण २, ३, ३, ४, ५, ६ आणि ३३ दिवस दाखल होते. बेरीज ५६, म्हणून मध्य ८ दिवस. पण सातपैकी सहा जण त्याआधीच घरी गेलेले असतात. चढत्या क्रमातील चौथी किंमत, म्हणजे मध्यक, ४ दिवस. ‘किती दिवस लागतील?’ असे नातेवाइकांनी विचारले, तर हेच उत्तर अधिक खरे. खाटांचे नियोजन करणाऱ्याला मात्र ८ हाच आकडा हवा, कारण रुग्णसंख्येने त्याला गुणले की एकूण किती दिवस खाटा अडतील ते कळते. मध्यक सरसकट श्रेष्ठ मानण्याची सवय म्हणूनच बरी नव्हे.

कर्करोगाच्या अभ्यासांत मात्र मध्यकाला तोड नाही. निम्मे रुग्ण दगावेपर्यंतचा काळ म्हणजे मध्यक जीवितकाल. सरासरीला शेवटच्या रुग्णापर्यंतचे आकडे लागतात, याला लागत नाहीत. काही रुग्ण मध्येच तपासणीला येणे सोडतात, काही अभ्यास संपतानाही हयात असतात. त्यांची अर्धवट माहितीही हिशेबात धरणारी कॅपलान-मायर पद्धत १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक रुग्ण हयात असतील, तर अहवालात मध्यक ‘गाठला गेला नाही’ असे लिहितात, आणि ती चांगली बातमी असते.

घोटाळा होतो तो हा आकडा मुदत म्हणून ऐकला जातो तेव्हा. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये उदरातील मेसोथेलिओमाचे (अवयवांभोवतीच्या पातळ आवरणाच्या कर्करोगाचे) निदान झाले. त्या रोगाचा मध्यक जीवितकाल तेव्हा ८ महिने सांगितला जाई. उरलेल्या निम्म्यांपैकी काहींचे आयुष्य बरेच लांबू शकते, हे गूल्ड यांना आलेखाच्या उजवीकडे पसरलेल्या शेपटावरून उमगले. ते २००२ मध्ये वारले, तेही दुसऱ्याच कर्करोगाने.

लसींच्या चाचण्यांत प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) पातळी पटीपटीने बदलते, म्हणून तेथे भूमितीमध्य (n किमतींच्या गुणाकाराचे n वे मूळ) घेतात: १०, ४०, १६० यांचा साधा मध्य ७०, भूमितीमध्य ४०.

रक्तगटासारख्या माहितीत ना बेरीज होते ना क्रम लागतो. तेथे फक्त बहुलकच काढता येतो. एरवी त्याला फारसे कोणी विचारत नाही, पण आलेखाला दोन उंचवटे असले की त्याचे मोल कळते. पाश्चात्त्य देशांत हॉजकिन लिम्फोमाचे (लसीका ग्रंथींच्या एका कर्करोगाचे) रुग्ण विशी-तिशीत आणि पुन्हा पन्नाशीनंतर अधिक आढळतात. त्यांचे सरासरी वय काढले, तर ते नेमके मधल्या खोलगट भागात पडते आणि त्या वयाचे रुग्णच तुलनेने कमी असतात.