राष्ट्रीय बँक नोटा (अमेरिका)

अमेरिकेत १८६३ ते १९३५ या काळात, केंद्र सरकारची सनद मिळालेल्या बँकांनी स्वतःच्या नावाने चलनात आणलेल्या कागदी नोटा. ‘राष्ट्रीय’ या शब्दावरून मराठी वाचकाला राष्ट्रीयीकृत बँका आठवतील. या बँका मात्र भागधारकांच्या मालकीच्या होत्या आणि सरकारी रोखे कोषागारात तारण ठेवून त्यांच्या आधारावर नोटा काढत.

नोट ओळखण्याची खरी किल्ली म्हणजे बँकेचा सनद क्रमांक, कारण ‘फर्स्ट नॅशनल बँक’ हे नाव गावोगावी आढळते. फिलाडेल्फियाच्या अशाच नावाच्या बँकेचा क्रमांक १ होता. सुरुवातीच्या बहुतेक नोटांवर हा क्रमांक नसतो. परत आलेल्या जीर्ण नोटा बँकवार वेगळ्या करणे जिकिरीचे होऊ लागल्यावर १८७४ च्या कायद्याने तो छापणे बंधनकारक केले. त्यानंतर १८७५, १८८२ व १९०२ या मोठ्या आकाराच्या मालिका आल्या आणि शेवटी १९२९ ची लहान आकाराची मालिका निघाली. हिच्या पहिल्या प्रकारात एका तावावरील सहा नोटांचा अनुक्रमांक एकच असून आरंभीचे अक्षर तेवढे ए ते एफ असे बदलते. दुसऱ्या प्रकारात नोटांचे क्रमांक ओळीने येतात आणि सनद क्रमांक तपकिरी शाईत पुन्हा छापलेला असतो.

नवख्यांची फसगत याच मालिकेत होते. फेडरल रिझर्व्ह बँकांच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतील विभागवार बँकांच्या) १९२९ च्या नोटांवरही ‘नॅशनल करन्सी’ हे शब्द आणि तपकिरी शिक्का आहे, पण सनद क्रमांकाच्या जागी विभागाचे अक्षर असते.

मूल्य ठरवताना केवळ जुनेपणाला फारसे महत्त्व नाही. मोठ्या शहरातील बँकेची शंभर वर्षांपूर्वीची नोट सहज मिळू शकते, तर एखाद्या खेड्यातील बँकेच्या मोजक्याच नोटा उरलेल्या असल्याने तिच्या १९२९ च्या मळक्या नोटेसाठीही संग्राहक चढाओढ करतात. म्हणून त्या बँकेच्या किती नोटा ज्ञात आहेत, हे आधी पाहावे लागते. गावाच्या नावापुढे राज्याऐवजी ‘टेरिटरी’ (राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश) असा उल्लेख असल्यास, अनुक्रमांक १ असल्यास किंवा दोन डॉलरच्या आरंभीच्या नोटेवर २ चा आकडा आडवा पडलेला असल्यास किंमत वाढते. स्थितीची प्रतवारी १ ते ७० गुणांत करतात. धुतलेली, इस्त्री केलेली, भोके बुजवलेली नोट दिसायला चांगली असली तरी कमी भावाने जाते. अध्यक्ष व कॅशियर यांच्या पुसट झालेल्या शाईच्या सह्या कोणी नव्याने गिरवल्या असतील, तर ते भिंगाखाली लपत नाही.