उभ्याने पायडल मारणे

सीटवरून उठून शरीराचा भार पायडलांवर घेत सायकल चालवण्याची पद्धत. छोटा पण खडा चढ, थांबलेल्या सायकलला वेग देणे किंवा बराच वेळ बसून अवघडलेले अंग मोकळे करणे, यासाठी ती उपयोगी पडते. सौम्य चढावर मात्र बसूनच चालवावे. उभे राहिले की हात, खांदे आणि पाठही कामाला लागतात, दम लवकर लागतो आणि वारा जास्त अडतो.

उठण्याआधी गिअर एक-दोन पायऱ्या जड करावा. बसून मिनिटाला 80-90 फेरे होत असतील तर उभ्याने ते साधारण 60-70 वर येतात. गिअर हलकाच राहिला तर पायडल पायाखालून निसटल्यासारखे खाली जाते आणि लय तुटते.

खरी मेख उठण्याच्या क्षणात आहे. एक पायडल वरच्या टोकावरून नुकते पुढे झुकले की त्याच पायावर भार देत उठावे. जोर क्षणभर सुटला तरी सायकल अंगाखालून मागे सरकते, आणि अगदी जवळून मागे येणाऱ्याचे पुढचे चाक तिच्या मागच्या चाकाला घासते. त्यात पडतो तो बहुधा मागचाच. म्हणून घोळक्यात उठण्याआधी आवाज द्यावा.

उभे असताना कंबर क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या दांड्यांना जोडलेले असतात त्यांच्या, आसाच्या वर राहावी. सीटचे टोक मांड्यांना मागून हलकेच घासत असेल तर जागा बरोबर. फार पुढे झुकल्यास मागच्या चाकावरचा भार कमी होतो, आणि ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर ते जागीच फिरते. उजवा पाय खाली दाबताना उजव्या हाताने हँडल किंचित वर ओढावे. सायकल डावीकडे कलते. डाव्या पायाला याच्या उलट. झुलते ती सायकल, धड नव्हे. कोपरे सैल ठेवावीत. मूठ आवळली की पुढचे चाक नागमोडी जाऊ लागते.

पूर्ण जोर असताना गिअर बदलू नये, चेन उतरते. झिजलेली चेन आणि गिअरच्या चक्रांचे झिजलेले दाते तर याहून धोक्याचे: चेन अचानक घसरते, पाय खाली आपटतो आणि छाती हँडलवर येते. चेन ताणली गेली आहे का, हे पट्टीने मोजता येते. नव्या चेनच्या 12 पूर्ण जोड्या (एक अरुंद आणि एक रुंद कडी मिळून एक जोडी) 12 इंच भरतात. त्या 12 1⁄8 इंच भरल्या, तर चेन बदलावी आणि दातेही तपासून घ्यावेत.

बसताना पायडल मारणे न थांबवता कंबर मागे न्यावी, सीटवर टेकावे आणि मगच गिअर हलका करावा.