ग्रंथालयाच्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हिस कुठे संपते आणि रिपॉझिटरी कुठे सुरू होते

लेयर्ड आर्किटेक्चर, म्हणजे कोड थराथरांत मांडणं, शिकायचं म्हटलं की ग्रंथालय व्यवस्थापनाचा प्रोग्रॅम ठरलेलाच. वर स्क्रीन, मध्ये नियम लावणारी सर्व्हिस, खाली डेटाबेसशी बोलणारी रिपॉझिटरी. आकृती सगळ्यांचीच बरोबर येते. कोड उघडला की मात्र मधल्या आणि खालच्या थरांची अशी सरमिसळ दिसते, की सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

रिपॉझिटरी तुम्हाला माहीत आहे. टेबलातली ओळ आली की तिचा ऑब्जेक्ट करायचा, ऑब्जेक्ट आला की त्याची ओळ करायची. संपलं. डीएओ (डेटा अ‍ॅक्सेस ऑब्जेक्ट, हाही डेटाबेसशी बोलणारा कोडच) आणि रिपॉझिटरी यांत फरक आहे, पण चार टेबलांच्या प्रोग्रॅममध्ये तो शोधत बसू नका. लेयर म्हणजे कोडची मांडणी आणि टियर म्हणजे तो कोड कुठल्या यंत्रावर चालतो ते. तिन्ही लेयर एकाच लॅपटॉपवर चालत असतील तर त्याला ‘थ्री-टियर’ म्हणू नका, एवढीच विनंती.

आता खरा घोळ. ‘बिझनेस लॉजिक सर्व्हिसमध्ये, डेटाबेसचं काम रिपॉझिटरीत’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. तरी चूक होते, कारण नियम क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाचा, वेष घेऊन येतो. मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी घ्या. रिपॉझिटरीत एक मेथड लिहिली जाते आणि तिच्या अटी असतात दोन: परत केल्याची तारीख रिकामी, आणि दिल्याच्या तारखेत 14 दिवस मिळवून येणारी तारीख आजच्या आधीची. एसक्यूएल (क्वेरी लिहायची भाषा) आहे म्हणजे ते रिपॉझिटरीतच, असं वाटतं. चालतंही नीट.

पण 14 हा आकडा डेटाबेसचा नाही, ग्रंथालयाचा आहे. उद्या मुदत 21 दिवस झाली आणि तुम्ही क्वेरीतला आकडा बदललात, की काल ज्यांच्या नावावर दंड चढत होता त्यांतले कितीतरी सभासद आज यादीतून गायब. मुदत 7 दिवसांवर आली तर त्याहून वाईट: ज्यांना 14 दिवस सांगून पुस्तक दिलं होतं, ते काहीही न करता थकबाकीदार ठरतात. नियम पुढच्यासाठी बदलला होता, प्रोग्रॅमने तो मागच्यालाही लावला.

म्हणून परत करायची तारीख पुस्तक देतानाच सर्व्हिसने ठरवायची आणि देवघेवीच्या ओळीत लिहून ठेवायची. त्या क्षणापर्यंत तो नियम असतो, लिहिल्यावर ती नोंद होते. सभासदाचा प्रकार, सुट्टीच्या दिवशी येणारी तारीख पुढे ढकलणं, नूतनीकरण, हे सगळं ठरवण्याच्या बाजूचं. रिपॉझिटरीला विचारायचं ते एवढंच: ‘मी देतो त्या तारखेच्या आधी परत यायला हवी होती आणि अजून आली नाही, अशी प्रत दाखव.’ या वाक्यात एकही आकडा नाही. रिपॉझिटरी गाळणी लावू शकते, गाळणीची जाळी किती बारीक असावी हे तिने ठरवायचं नाही.

‘मी देतो त्या तारखेच्या’ हे शब्द मुद्दाम आहेत. ‘आज’ कधी आहे हेही क्वेरीत ठरवू नका. एसक्यूलाइट या डेटाबेसचं करंट डेट यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, तारीख देतं, त्यामुळे घड्याळ यूटीसीच्या पुढे असेल तर मध्यरात्रीनंतर काही तास प्रोग्रॅम कालच्याच दिवसात असतो. तारीख बाहेरून दिलीत तर टेस्टही सोपी होते: 20 फेब्रुवारी 2024 ला दिलेलं पुस्तक 14 दिवसांनी 5 मार्चला यायला हवं, तेच 2023 मध्ये 6 मार्चला. ही टेस्ट डेटाबेस न उघडता चालली पाहिजे. चालत नसेल तर तुमचा नियम अजून खालीच अडकलेला आहे.

एवढं पटलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. रिपॉझिटरीत फक्त ‘सगळं आण’ ठेवायचं आणि सर्व्हिसमध्ये लूप फिरवून गाळायचं. हे शुद्धतेचं सोवळं आहे आणि मला ते पहिल्या चुकीपेक्षा जास्त खटकतं. 12 थकलेल्या प्रती शोधायला 50,000 नोंदी मेमरीत ओढायच्या कशासाठी? गाळणं, मोजणं, क्रम लावणं डेटाबेसला उत्तम जमतं, ते त्यालाच करू द्या. निकष मात्र वरून जाऊ द्या.

‘एका सभासदाला जास्तीत जास्त 3 पुस्तकं’ हेही तसंच. सभासदाकडे किती प्रती आहेत हे रिपॉझिटरी मोजते, 3 पूर्ण झाल्या की नाहीत हे सर्व्हिस बघते. रिपॉझिटरीत ‘अजून पुस्तक देता येईल का’ अशा नावाची मेथड दिसली की मी पुढचा कोड संशयानेच वाचतो.

इथे एक रास्त शंका येते: मग डेटाबेसच्या कॉन्स्ट्रेंटचं, म्हणजे टेबलावरच लावलेल्या अटींचं काय, तेही नियमच ना? दोन काउंटरवर एकाच वेळी एकाच प्रतीची नोंद करायला घेतली, तर दोन्हीकडची सर्व्हिस तपासते, दोघींना प्रत मोकळी दिसते आणि दोन नोंदी पडतात. हे सर्व्हिसमधल्या ‘इफ’ने थांबत नाही. देवघेवीच्या टेबलावर, परत न आलेल्या ओळींपुरता, प्रतीच्या क्रमांकाचा युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारा) लावा. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेसांत असा अंशतः इंडेक्स करता येतो. एक प्रत एका वेळी दोघांच्या हातात असू शकत नाही हे ग्रंथालयाचं धोरण नव्हे, ती वस्तुस्थिती आहे, आणि समितीची बैठक भरवून ती बदलत नाही. अशा गोष्टी डेटाबेसमध्ये खुशाल असाव्यात. (एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची (एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणाऱ्या कॉन्स्ट्रेंटची) तपासणी सहसा मुळात बंद असते, दर कनेक्शनला चालू करावी लागते. ‘कॉन्स्ट्रेंट लावलाय पण चालत नाही’चं कारण बहुधा हेच.) इंडेक्सने नोंद नाकारली की डेटाबेसचं एक्सेप्शन (चुकीची सूचना) रिपॉझिटरीने पकडावं आणि वर ‘प्रत आधीच दिलेली आहे’ असं सांगावं. एसक्यूएलचं एक्सेप्शन स्क्रीनपर्यंत पोचलं तर मधला लेयर नावालाच आहे.

आणि हो, नोंद प्रतीची असते, पुस्तकाची नाही. एकाच आवृत्तीच्या पाच प्रतींचा आयएसबीएन एकच असतो, दाखल क्रमांक पाच. आयएसबीएन टेक्स्ट म्हणून साठवा. 2007 च्या आधीच्या 10 अंकी क्रमांकांच्या शेवटी कधी कधी एक्स हे अक्षर येतं.

ट्रान्झॅक्शन (सगळी कामं एकत्र होतील, नाहीतर एकही नाही, असा गट) सर्व्हिसने उघडायचं आणि तिनेच मिटवायचं, यावर मी वाद घालत नाही. पुस्तक देणं म्हणजे देवघेवीची ओळ घालणं आणि त्या सभासदाचं आरक्षण असेल तर ते बंद करणं. ही दोन वेगळ्या रिपॉझिटरींची कामं आहेत. प्रत्येकीने आपापलं कमिट केलं, म्हणजे आपलं काम कायम करून टाकलं, तर मध्येच वीज गेल्यावर पुस्तक दिलेलं आणि आरक्षण तसंच उघडं, अशी अर्धवट अवस्था राहते. ही दोन कामं मिळून एक आहेत हे फक्त सर्व्हिसला माहीत असतं.

सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी 2003 मध्ये ‘अ‍ॅनिमिक डोमेन मॉडेल’वर, म्हणजे ज्यांत नुसता डेटा असतो आणि नियम नसतात अशा ऑब्जेक्टवर, टीका केली, तेव्हापासून ‘नियम सर्व्हिसमध्येही नको, देवघेवीच्या ऑब्जेक्टमध्येच हवा’ म्हणणारेही भेटतात. ठेवा तिथे, माझी हरकत नाही. नियम वर कुठे राहतो हा नंतरचा प्रश्न, आधी तो क्वेरीतून बाहेर काढा.

राहिली ती एका ओळीची सर्व्हिस, जी रिपॉझिटरीला हाक मारून मिळालेलं तसंच वर देते. लेखकांची यादी दाखवण्यात ठरवण्यासारखं काही नसतं, म्हणून ती मेथड एका ओळीची असते. तिची लाज वाटून आत खोट्या तपासण्या भरू नका आणि स्क्रीनला थेट रिपॉझिटरीशी जोडूही नका. पण सर्व्हिसमधल्या सगळ्याच मेथड एका ओळीच्या निघाल्या, तर रिपॉझिटरीच्या क्वेरी उघडा आणि त्यांत 14, 3 आणि दंडाचा दर शोधा.