हवेला शेवटची खोली, बाकी सगळं तारेला

साधा वाय-फाय राउटर हवेत सोडतो ती शक्ती साधारण १०० मिलीवॅट. दोन मजले वर, कोपऱ्यातल्या खोलीत त्याचाच सिग्नल मोजला तर पुष्कळदा उणे ७० डीबीएम असा आकडा दिसतो; डीबीएम हे सिग्नलची शक्ती मोजायचं माप. म्हणजे राउटरमधून निघालेल्या शक्तीचा एक अब्जावा भाग तिथवर पोचला. एवढ्यावरही फोन चित्रं उतरवून घेतो, निरोप पाठवतो, याचं मला आजही नवल वाटतं. पण व्हिडिओ कॉल न अडखळता चालायचा तर उणे ६७ किंवा त्याहून बरा, म्हणजे शून्याच्या जवळचा, आकडा हवा. उणे ८० वर पान उघडता उघडत नाही. या मोजणीत दर १० आकड्यांमागे शक्ती दहापट बदलते, हे लक्षात ठेवलं की बहुमजली इमारतीत वाय-फायची रेंज थोडक्या खर्चात कशी वाढवायची, हे पुढचं सगळं सोपं जातं.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की शक्ती चौथाई उरते. राउटरपासून ५ मीटरवर जेवढं मिळतं त्याचा शंभरावा हिस्सा ५० मीटरवर मिळतो. सळ्या घातलेला काँक्रीटचा स्लॅब हीच घट कधी कधी अर्ध्या फुटात करतो! म्हणून 'शंभर मीटर रेंज' असं खोक्यावर छापलेलं वाचून राउटर घेऊ नये. तो आकडा मैदानातला असतो. इमारतीत अंतर मीटरमध्ये मोजून उपयोग नाही, भिंती आणि स्लॅब मोजावे लागतात. पातळ पार्टिशन साधारण निम्मी शक्ती खातं, विटांची भिंत त्याहून बरीच जास्त. लोखंडी कपाट, लिफ्टचा धातूचा डबा आणि मोठा आरसा लहरींना परत फिरवतात, तर पाण्याची टाकी त्यांना शोषून घेते. शिवाय लहर भिंतीतून तिरकी गेली तर तिच्या वाटेत भिंत जाड होते. लंब रेषेशी ६० अंशांचा कोन झाला की एक फुटाची भिंत दोन फुटांची होऊन बसते. लांबलचक बोळाच्या एका टोकाला राउटर ठेवला की दूरच्या खोल्यांचं जे होतं, ते यामुळेच.

वाय-फायच्या दोन मुख्य पट्ट्या आहेत, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिलीतली लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसरीतली त्याच्या निम्म्याहून कमी. ५ची पट्टी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरते. २.४ची लांब जाते, पण शेजारीपाजारीही तीच वापरतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो.

खिशाला हात घालण्याआधी एक काम फुकटात होतं, ते म्हणजे राउटरची जागा बदलणं. बाहेरून येणारी लाइन जिथे आत शिरते तिथेच राउटर टांगायची सवय सगळीकडे आहे आणि ती जागा बहुतेकदा इमारतीच्या कोपऱ्यात असते. कोपऱ्यातल्या राउटरच्या भोवतालच्या ३६० अंशांपैकी फक्त ९० अंश आतल्या बाजूला येतात. बाकी तीन चतुर्थांश दिशा रस्त्याला आणि शेजाऱ्यांना. तो मध्याकडे, उंचावर, कपाटाबाहेर आणला की काही खोल्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. अँटेनाच्या दांड्यांकडेही बघा. अशी दांडी आपल्या कडेने चहूबाजूंना लहरी सोडते; टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच जात नाही. सगळ्या दांड्या आकाशाकडे रोखल्या तर नेमका डोक्यावरचा मजलाच कोरडा राहतो. एक दांडी आडवी करावी. काम क्षणाचं आहे, पण ते केलेलं फार थोड्या ठिकाणी दिसतं.

मग फोनवर सिग्नल मोजणारं ॲप घ्या, कागदावर प्रत्येक मजल्याचा ढोबळ नकाशा काढा आणि खोलीखोलीत जाऊन आकडे लिहा. दारं बंद ठेवून लिहा, कारण रोजच्या वापरात ती बंदच असतात. फोनवरच्या रेघा बघून ठरवू नका. तीन रेघा म्हणजे नेमके किती, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

इतकं करूनही वरचा मजला उपाशी राहिला, की मनात पहिला विचार येतो जास्त ताकदीचा राउटर आणण्याचा. मला हा खर्च सर्वांत वाया जाणारा वाटतो. वाय-फाय हा संवाद आहे, भाषण नव्हे. राउटरचा आवाज वाढला तरी फोनचा तेवढाच राहतो आणि बॅटरी जपायची असल्याने तो राउटरपेक्षा हळूच बोलतो. राउटरचं फोनला ऐकू येतं, फोनचं राउटरला येत नाही. रेघा भरलेल्या आणि पान मात्र उघडत नाही, या नेहमीच्या तक्रारीमागे बरेचदा हे असतं.

दुसरा विचार येतो रिपीटरचा. तो स्वस्त असतो, प्लगमध्ये खोचला की काम झालं असं वाटतं. पण तो करतो काय हे समजून घ्यायला वाय-फायची एक जुनी शिस्त माहीत हवी. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने अलोहानेट सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रं मुख्य संगणकाशी रेडिओने बोलत आणि त्यासाठी सगळ्यांना मिळून एकच वाट होती. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जाई. मग ज्याने त्याने मनाला येईल तेवढं थांबून पुन्हा बोलायचं. वाय-फायने याच विचारात भर घातली: बोलण्याआधी कान द्या, कोणी बोलत असेल तर थांबा. एका चॅनलवर, म्हणजे पट्टीतल्या एका वाटेवर, एका वेळी एकच बोलणार.

आता रिपीटर बघा. तो राउटरचं ऐकतो आणि तेच पुन्हा फोनला सांगतो. एकच गोष्ट त्याच चॅनलवर दोनदा बोलली जाते, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. त्याच्यापुढे आणखी एक रिपीटर जोडला की आणखी घट. त्यात लोक तो नेमका सिग्नल नसलेल्या खोलीत लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा जागी लावावा. एका खोलीपुरती गरज असेल तर माझी त्याला हरकत नाही. मेश संच, म्हणजे जागोजागी ठेवायची आणि एकमेकांशी बोलणारी दोन-तीन यंत्रं, महाग असला तरी हवेतून जोडलेला असेल तर मूळ काम हेच करतो. चांगल्या संचात आपसांत बोलायला वेगळा रेडिओ असतो आणि त्याने पुष्कळ फरक पडतो. पण स्लॅब त्याही रेडिओला सोडत नाही.

या एका वाटेचा आणखी एक परिणाम आहे. दूरच्या खोलीतल्या फोनला कमकुवत सिग्नलमुळे हळूहळू बोलावं लागतं. राउटरजवळचा लॅपटॉप सेकंदाला ३०० मेगाबिटने बोलत असेल आणि कोपऱ्यातला फोन ६ मेगाबिटने, तर तेवढीच माहिती द्यायला फोन पन्नासपट वेळ हवा अडवून धरतो. तेवढा वेळ लॅपटॉप थांबलेला. म्हणजे अंधाऱ्या कोपऱ्यातल्या एका फोनची झळ राउटरशेजारी बसलेल्यालाही लागते. रेंज वाढवणं हे केवळ त्या खोलीतल्या माणसासाठी नसतं, ते यामुळे.

म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते तारेत घालावेत. साधी लॅन केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट नेते. तिला स्लॅब अडवत नाही, शेजारचा राउटर त्रास देत नाही आणि हवेतली रांगही लागत नाही. केबल मात्र शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेची केबल सीसीए नावाने स्वस्त मिळते. ती लवकर तुटते आणि तिचा रोध जास्त असतो. काटकसर इतर कुठेही करा, इथे नको, कारण भिंतीत एकदा गेलेली तार पुन्हा काढायला कोणी धजत नाही. विजेच्या तारांच्या पाइपातून ती नेऊ नये; सुरक्षेच्या दृष्टीने ते धोक्याचं आहे.

तारेच्या दुसऱ्या टोकाला नवं यंत्रच लागतं असं नाही. कपाटात पडलेला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेने आलेलं नेट हवेत सोडणारं यंत्र म्हणून, कामाला येतो. पुष्कळ राउटरमध्ये तशी तयार सोय असते. नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करायचं, म्हणजे पत्ते वाटायचं काम मुख्य राउटरकडेच राहतं. त्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा, फक्त तो आणखी कोणाला वाटला जाणार नाही एवढं बघावं. आणि केबल वॅनच्या (बाहेरच्या लाइनसाठीच्या) नव्हे, लॅनच्या (आतल्या यंत्रांसाठीच्या) खोबणीत लावायची. इथेच बहुतेकांची चूक होते. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखेच ठेवावेत. कंपनीने सुरक्षेचे अपडेट बंद केलेला राउटर असेल तर तसाच लावू नका. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालतं का ते पाहा. मजले अधिक असतील तर मध्ये एक साधा नेटवर्क स्विच, म्हणजे एका तारेला अनेक तारा जोडून देणारा डबा, टाकून प्रत्येक मजल्याला एकेक तार सोडता येते. छताजवळ विजेचा प्लग नसेल तर त्याच केबलमधून वीजही नेता येते. २००३ सालच्या मानकानुसार एका तारेवर १५.४ वॅटपर्यंत. एक जपायचं: एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून एकाच स्विचमध्ये गेली तर निरोप गोल गोल फिरत राहतात आणि सगळं जाळं बसतं.

तार ओढणं शक्यच नसेल आणि टीव्हीची जुनी कोॲक्सिअल केबल भिंतीत असेल, तर मोका नावाच्या जोडउपकरणांनी तिच्यातून नेटवर्क चांगलं चालतं. विजेच्या वायरिंगमधून नेणारी उपकरणंही मिळतात, पण त्यांचा वेग वायरिंगच्या वयावर आणि फेजवर इतका अवलंबून असतो की परत करायची मुभा असेल तरच घ्यावीत.

मग येतात चॅनल. २.४च्या पट्टीत एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. तळमजल्याला १, पहिल्याला ६, दुसऱ्याला ११ दिला की तिन्ही मजले एका वेळी बोलू शकतात. त्यावर तिसरा मजला असेल तर त्याला पुन्हा १ द्यावा. तळमजल्यावरचा १ तिथवर ऐकू येईल का? मध्ये तीन स्लॅब आहेत, नाहीच येणार. इतका वेळ ज्याच्याशी झगडलो तो स्लॅब आता दोन मजल्यांचं बोलणं एकमेकांत मिसळू देत नाही.

त्यासाठी प्रत्येक ॲक्सेस पॉइंटचा आवाज थोडा कमी करावा लागतो. जिना चढताना कोणता ॲक्सेस पॉइंट सोडायचा आणि कोणता धरायचा, हे शेवटी फोन ठरवतो. काही फोन तर सिग्नल उणे ७० पर्यंत घसरेस्तोवर दुसरा शोधतही नाहीत. खालचा राउटर पूर्ण ताकदीने ओरडत असेल तर फोन वरच्या मजल्यावर जाऊनही त्यालाच चिकटून बसतो. म्हणून ताकद मध्यमवर आणा आणि फोनवर कोणाशी तरी व्हिडिओ कॉल चालू ठेवून जिना चढा. अर्ध्या जिन्यावर चित्र क्षणभर थबकून पुन्हा चालू झालं, तर फोनने हात बदलला. वर पोचून दार लावल्यावर चित्र गोठलं, तर खालच्याची ताकद आणखी एक पायरी उतरवा आणि पुन्हा चढा.