डूमची ‘काच’ पिवळी का पडते

सांगली-मिरजेच्या गॅरेजांत दुचाकीच्या हेडलाइटच्या, म्हणजे डूमच्या, पुढच्या भागाला अजूनही ‘काच’च म्हणतात. डूमची काच फुटली, काच पिवळी पडली, काच घासून द्या. शब्द टिकला, वस्तू मात्र केव्हाच बदलली. आजच्या बहुतेक गाड्यांवर तिथं पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. हे ध्यानात नसल्यामुळे आपण त्याच्याशी काचेसारखं वागतो. रॉकेलनं पुसतो, पेट्रोलच्या फडक्यानं चोळतो, टूथपेस्ट लावतो, आणि काही महिन्यांत ते पहिल्यापेक्षा वाईट दिसायला लागतं. मी स्वतः माझ्या गाडीवर पेट्रोलचा प्रयोग केला होता. तेव्हा पडलेलं बारीक तड्यांचं जाळं आजही त्या डूमवर आहे.

बुलेट, येझदी, राजदूत यांचे गोल दिवे ज्यांनी पाहिलेत, त्यांना त्या काचेतल्या रेघा आणि खाचा आठवतील. त्या शोभेसाठी नव्हत्या. मागची चकचकीत वाटी प्रकाशाचा झोत करायची आणि काचेतल्या खाचा तो झोत रस्त्यावर पसरवायच्या. उजेड बेताचा असायचा. कित्येक गाड्या सहा व्होल्टच्या, वेग कमी झाला की दिवाही मंदावायचा. पण काच उन्हात कितीही वर्षं राहिली तरी पिवळी पडत नसे. दगड लागला तर फुटायची, एवढाच तिचा दोष.

पॉलिकार्बोनेटची गोष्ट १९५३ सालची. जर्मनीत बायर कंपनीतले हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधले डॅनियल फॉक्स, या दोघांनी एकमेकांना ठाऊक नसताना त्याच वर्षी हे प्लास्टिक तयार केलं. बायरनं त्याला मॅक्रोलॉन म्हटलं, जनरल इलेक्ट्रिकनं लेक्सान. काचेच्या साधारण निम्म्या वजनाचं, आरपार दिसणारं आणि घाव घातला तरी सहजी न फुटणारं. अपोलो मोहिमेतल्या अंतराळवीरांच्या डोक्यावरचा पारदर्शक गोल याचाच होता. पुढं गाण्यांच्या सीडी याच्याच आल्या. लग्नाकार्यात दिसणारे पाण्याचे निळे जारही बरेचदा याचेच असतात.

एवढं सोयीचं प्लास्टिक हेडलाइटपर्यंत पोचायला मात्र तीस वर्षं लागली, कारण वाट कायद्यानं अडवली होती. अमेरिकेत १९४० पासून मोटारींना ‘सील्ड बीम’ सक्तीचा होता: सुरुवातीला सात इंची गोल दिवा, काच, वाटी आणि तार एकत्र बंद केलेली, बिघडला की सगळाच बदलायचा. १९८३ मध्ये हा नियम सैल झाला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या मोटारीवर बल्ब बदलता येणारा, गाडीच्या आकारात बसवलेला दिवा आला. युरोपनं प्लास्टिकला मोकळीक दिली ती १९९० च्या दशकात. आता हेडलाइटला हवा तो आकार देता येऊ लागला. प्रकाश पसरवण्याचं काम मागच्या वाटीलाच पैलू पाडून तिच्याकडं सोपवलं गेलं, त्यामुळे पुढचा भाग स्वच्छ, बिनरेघांचा झाला. धुरकटपणा डोळ्यांत भरायला लागला तो इथून. खाचांच्या काचेवर थोडी धूळ, थोडे ओरखडे खपून जात. आरशासारख्या डूमवर काहीच लपत नाही.

आपल्याकडं २००० नंतरच्या दशकात मोटारसायकलींचे चेहरे बदलले. गोल दिव्याची जागा टोकदार, मागे झुकलेल्या डूमनं घेतली. जुना दिवा सरळ समोर पाहायचा, नवा थोडा आभाळाकडं पाहतो. बाजारात दिवसभर उभ्या असलेल्या गाडीवर ऊन नेमकं तिथं पडतं.

आणि पॉलिकार्बोनेटचं उन्हाशी जमत नाही. अतिनील किरणांनी त्याच्या पृष्ठभागावरच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, नव्या रीतीनं जोडल्या जातात, आणि त्यातून पिवळा रंग धरणारी द्रव्यं तयार होतात. शिवाय त्यावर ओरखडा पटकन उठतो. हे दोन्ही दोष कारखान्यांना पहिल्यापासून माहीत होते. म्हणून प्रत्येक डूमवर केसापेक्षा पातळ, कडक, अतिनील किरण अडवणारा लेप देतात. उन्हाचा मारा खरं तर तो लेप सोसतो. अमेरिकेच्या नियमात अशा प्लास्टिकचे नमुने फ्लोरिडाच्या दमट आणि ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात तीन वर्षं ठेवून तपासतात. तीन वर्षं! आपल्याकडं दुचाकीची नोंदणीच १५ वर्षांची, आणि जत-आटपाडीकडचा उन्हाळा कोरडा, कडक. लेप आधी विटतो, मग सोलतो, मग त्याखालचं प्लास्टिक पिवळं पडू लागतं. मालकानं गाडीची हेळसांड केली असं यातून सिद्ध होत नाही. झिजणारा भाग झिजला, इतकंच.

घासून चमकवण्याची विद्या हेडलाइटच्या आधीची, गाड्या रंगवणाऱ्यांची. थ्री-एम कंपनीतल्या फ्रान्सिस ओकी यांनी १९२१ मध्ये पाण्यात भिजवून वापरता येणारा पॉलिश पेपर काढला. आपले पेंटर ज्याला वॉटर पेपर म्हणतात तो त्याच घराण्यातला. पाण्यामुळे धूळ उडत नाही आणि पेपर लवकर भरत नाही. डूमसाठी ८०० किंवा १००० नंबरपासून सुरुवात (नंबर मोठा तितका पेपर बारीक), मग १५००, २०००, शेवटी कंपाउंड, म्हणजे चमकवायची पेस्ट, लावून बफ. प्रत्येक नंबरनं आधीच्या नंबरचे ओरखडे काढायचे. डूम पुन्हा लख्ख होतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

माझी तक्रार इथंच आहे. घासताना उरलासुरला लेपही निघून गेलेला असतो. तो परत दिला नाही तर उघडं प्लास्टिक उन्हात जातं आणि पुढचा उन्हाळा संपेपर्यंत पुन्हा पिवळं पडतं. टूथपेस्ट म्हणजे बारीक कंपाउंडच, तिचंही तेच. अलीकडं गरम भांड्यातून डूमवर वाफ सोडतात. त्या द्रवात बहुधा डायक्लोरोमिथेन असतं. ते वरचा थर विरघळवून गुळगुळीत करतं, पण संरक्षण काही देत नाही, आणि त्याची वाफ छातीत गेलेली अजिबात चांगली नाही. अतिनील किरण अडवणारा टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक लेप, घासलं त्याच दिवशी, पातळ हातानं मारून घ्यावा. एकदम जाड हात मारला तर त्यातला थिनरच प्लास्टिकला तडे पाडतो.

‘एएए’ या अमेरिकेतल्या वाहनधारकांच्या संघटनेनं २०१८ मध्ये मोटारींचे धुरकट झालेले दिवे मोजले, तेव्हा त्यांचा उजेड नव्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा भरला. दुरुस्तीनंतर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. हा फरक सांगलीकरानं गळीत हंगामात अनुभवलेला असतो. कृष्णाकाठचं धुकं, तासगाव किंवा इस्लामपूरच्या रस्त्यावर ऊस भरलेली ट्रॉली किंवा बैलगाडी, मागे रिफ्लेक्टर नाही. पिवळ्या डूमचा फोकस धुक्यातच विरतो आणि ट्रॉली दिसते तेव्हा ती हाताच्या अंतरावर असते. मग काही जण १०० वॉटचा बल्ब टाकतात. आपल्या बऱ्याच गाड्यांचा बल्ब ३५ वॉटचा असतो. त्या हिशेबानं बनवलेल्या डूममध्ये दुप्पट-तिप्पट उष्णता कोंडते, होल्डर वितळतो, आणि धुरकट प्लास्टिकमधून तो उजेड समोरच्याच्या डोळ्यांत विखुरतो.

एक प्रकार मात्र घासून सुटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा शहरातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली होत्या. गाळाचं पाणी डूममध्ये शिरलं आणि आतून पांढुरका थर धरला. बाहेरून ओलं बोट फिरवून पाहावं. ओल असेपर्यंत डूम स्वच्छ दिसला तर खराबी बाहेरची आहे, पेपर आणि क्लिअरनं निभावेल. काहीच फरक पडला नाही, तर ती बहुधा आतली. तिथं डूम बदलावाच लागतो.