ताऱ्यांची निर्मिती

अवकाशातील थंड वायू व धूळ यांचा मेघ स्वतःच्याच भाराने आकसत जाऊन त्यातून तारा घडण्याची प्रक्रिया. तिचे सर्वांत सोपे दर्शन मृग नक्षत्रात होते. नाशिककरांनी जानेवारीतल्या अमावास्येला शहराचे दिवे मागे टाकून अंजनेरीच्या पायथ्याशी जावे. हरणाला लागलेल्या बाणाचे तीन तारे ओळीत दिसतात. त्यांच्या जरा खाली, दक्षिणेकडे, एक पुसट डाग आहे. टक लावली की तो विरतो, नजर किंचित बाजूला नेली की उजळतो. छोट्या दुर्बिणीतून त्याच्या पोटात चार तारे दाटीने बसलेले दिसतात. हा तेजोमेघ सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असून तिथे आजही तारे जन्मत आहेत.

तारे घडवणारे मेघ उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास गारठलेले असतात. हा गारठाच कामाचा. वायू उष्ण असला तर कणांची धावपळ गुरुत्वाकर्षणाला पुरून उरते. मेघ किती जड झाला की तोल ढळतो, याचे गणित जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये मांडले. तोल ढळला की मेघाचे तुकडे होऊन ते आत कोसळू लागतात, कोसळताना तापतात. भोवती फिरती चकती उरते. ग्रह तिच्यातून घडतात. गाभ्याचे तापमान १ कोटी अंशांच्या घरात गेले की हायड्रोजनपासून हीलियम बनू लागते (हेच अणुसंमीलन, ताऱ्याचे पेटणे) आणि त्या उष्णतेचा दाब आकसणे थोपवतो. सूर्याला इथवर यायला सुमारे ५ कोटी वर्षे लागली.

तारा पेटल्यामुळे तापतो, हा समज उलटा आहे. तो आधी आकसून तापतो, मग पेटतो. मात्र नुसत्या आकसण्यावर सूर्य आजच्या तेजाने जेमतेम दोन-तीन कोटी वर्षे तळपला असता, आणि त्याचे वय तर सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. हे कोडे खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी १९२० मध्ये सुचवलेल्या व हान्स बेथे यांनी १९३९ मध्ये तपशिलाने मांडलेल्या अणुसंमीलनाने सुटले.

न पेटलेला गोळा नाशिकला चांगलाच परिचयाचा आहे. गुरू सिंह राशीत आला की रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर सिंहस्थाची गर्दी लोटते. गुरूही मुख्यतः हायड्रोजन-हीलियमचाच. पण संमीलन टिकायला सूर्याच्या सुमारे ८ टक्के वस्तुमान लागते, म्हणजे गुरू आहे त्याच्या ८० पट जड हवा. (तो थेट मेघातून नव्हे, सूर्याभोवतीच्या चकतीत घडला, ही गोष्ट वेगळी.) तो अजूनही हळूहळू आकसतो आहे आणि सूर्याकडून मिळते त्याहून जास्त उष्णता बाहेर टाकतो.