कुपी सापडली कुठे? मराठवाड्यातल्या जुन्या पात्रसंग्रहाची पार्श्वभूमी

जुन्या कुप्या, सुरया, चंबू जमवणाऱ्याला लोक आधी विचारतात, याची किंमत किती? मी या छंदात पडलो तेव्हा मलाही तेच वाटायचे. आता मात्र भांडे हातात घेतले की तोंडून एकच प्रश्न येतो, हे सापडले कुठे? ज्या पात्राला गाव नाही ते नुसते जुने भांडे. ज्याला गाव आहे, त्याच्या मागे एखादा रस्ता, एखादा बाजार, एखादे घर उभे असते. मराठवाड्यात हे रस्ते दोन हजार वर्षे मागे जातात.

सुरुवात तेरपासून करावी लागते. धाराशिवजवळ तेरणाकाठी वसलेले हे गाव आपल्याला गोरोबाकाकांमुळे ठाऊक आहे. गोरोबा कुंभार होते. संतमंडळींत कोण कच्चे, कोण पक्के हे त्यांनी थापटण्याने डोक्यावर थापटून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मातीची कुपी पारखताना मी अजूनही आधी बोटाच्या पेराने हलके वाजवून पाहतो. नीट भाजलेली खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. मग गोरोबाकाकांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

त्यांच्याही आधी बारा-तेरा शतके हे गाव ‘तगर’ नावाने समुद्रापार माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या पुस्तकात पैठण आणि तगर ही दख्खनची दोन मोठी बाजारपेठांची गावे म्हणून येतात. गुजरातेतल्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखे दगड जात आणि तगरहून कापड, जाडेभरडे तसेच तलमही. हा माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला पोहोचे. बदल्यात भडोचला काय उतरे, त्याची यादीही तिथेच आहे. तिच्यात मद्य आहे, त्यातही इटलीचे जास्त आवडीचे, आणि कच्ची काचही आहे. तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर विद्वानांचा बराच काळ वाद चालला. ते तेरच, हे जुन्या शिलालेखांचे अभ्यासक जॉन फ्लीट यांनी १९०१ साली मांडले आणि तेच पुढे मान्य झाले.

त्या काळी भूमध्य समुद्राकाठचे मद्य ज्या पात्रांतून येई त्याला अँफोरा म्हणतात. दोन कानांचा, अरुंद मानेचा, बुडाशी निमुळता असा उंच मातीचा रांजणच तो. जहाजात एकमेकांना टेकवून रचता यावा म्हणून त्याचे बूड तसे. पैठणहून जवळच, प्रवराकाठी नेवाशाला १९५४ ते ५६ दरम्यान पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले, त्यात अशा अँफोऱ्यांच्या खापऱ्या मिळाल्या. नुसत्या खापऱ्या, अखंड पात्र नव्हे. पण तेवढ्यावरून समुद्रापारचे पात्र सह्याद्री ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत आले होते, हे सिद्ध होते. संग्राहकाला खापरीची किंमत कळते ती इथे. ती खापरी एखाद्या दुकानाच्या फळीवर मिळाली असती, तर तिने काहीच सांगितले नसते.

त्याच काळाच्या आसपासची आणखी एक वस्तू माझ्या विशेष आवडीची आहे. पश्चिम भारतातल्या उत्खननांत लाल झिलईची सुबक भांडी मिळतात, त्यांत मानेच्या टोकाला बारीक छिद्र असलेली शिंपडणीसारखी कुपी असते. उलटी धरली तरी पाणी धारेने पडत नाही, थेंबाथेंबाने झिरपते. ही घडण रोमन असावी असे पूर्वी मानले जाई. आता अभ्यासक ती इथल्याच कुंभारांची मानतात. मला हे पटते. चाकावर इतकी निमुळती मान ओढायला जो हात लागतो, तो इथल्या कुंभाराकडे होताच.

तेरची ही संपत्ती गावातच राहिली याचे श्रेय रामलिंगप्पा लामतुरे यांना. ते तेरचेच. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांतून पावसाळ्यानंतर वर येणारे मणी, मृण्मूर्ती, भांडी, नाणी त्यांनी वर्षानुवर्षे जमवली. त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली सापडलेली हस्तिदंती मूर्ती आठवते, कारण दोघींची घडण जवळची आहे. पैठणला बाळासाहेब पाटील यांचा संग्रहही असाच एका माणसाच्या ध्यासातून उभा राहिला आणि पुढे शासकीय संग्रहालय झाला. मराठवाड्यातला पात्रसंग्रह राजवाड्यांनी उभा केला नाही. आपल्या गावची माती ओळखणाऱ्या माणसांनी केला, आणि तो गावाला देऊन टाकला.

पाचव्या शतकात पात्र कसे धरत, कसे ओतत, हे पाहायचे तर अजिंठ्याला जावे. पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी पेहरावातला एक पुरुष पेला घेऊन बसला आहे, डोक्यावर टोपी, पायांत मोजे, आणि आजूबाजूला मद्यपात्रे घेतलेले सेवक. हा इराणचा बादशहा खुस्रो असावा असा तर्क एकोणिसाव्या शतकात झाला होता. तो टिकला नाही, कारण लेणे त्या बादशहापेक्षा जुने. पण चित्रकाराने अशी माणसे आणि त्यांच्या सुरया पाहिल्या असाव्यात, याबद्दल मला शंका नाही.

पुढच्या शतकांत धातू पुढे आला. उदगीर, देगलूरकडच्या जुन्या घरांत काळी, चांदीच्या वेलबुट्टीची सुरई किंवा हुक्क्याचे बूड दिसले की ते बिदरी काम समजावे. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतायचे, कोरून चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या पाण्यात काळे करायचे, अशी ती कृती. चांदी जशीच्या तशी राहते, जस्ताची जमीन तेवढी काळी होते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य विभागले गेले, बिदर म्हैसूरकडे आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. तोवर हा सगळा एकच मुलूख होता. म्हणून आपल्याकडची बिदरी सुरई ‘बाहेरची’ म्हणून बाजूला काढू नये.

या सगळ्यांत नामशेष झाला तो बुधला. तेल-तुपाचा हा चामडी बुधला करताना मातीच्या साच्यावर ओले कातडे चढवत, ते वाळून कडक झाले की आतली माती फोडून काढत. अत्तराच्या चिमुकल्या कुप्याही अशाच घडवल्या जात. डबे आले आणि बुधले गेले. कातडे कसरीने खाल्ले किंवा उकिरड्यावर पडले. आता एखादा बुधला दिसला तर तो विकत घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून त्याची हकिकत लिहून घ्यावी, असे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

काचेची गोष्ट अलीकडची, तरी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रज माणसाची, १८७२ च्या पेटंटची. आतल्या वायूच्या दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते आणि वेगळे बूच लागत नाही. आपल्या भागात काच आधी विलायतेची आली. १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तो लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून. बाटली जुनी की नवी हे पाहायला साच्याच्या शिवणीवर नजर ठेवावी. ती मानेखालीच थांबली असेल तर तोंड बहुधा हाताने केलेले. ओठापर्यंत चढली असेल तर बाटली यंत्राची, म्हणजे विसाव्या शतकातली.

जमवण्यापेक्षा गमावण्याचा इतिहास मोठा आहे. बहात्तरच्या दुष्काळात तांब्या-पितळेची भांडी मोडीच्या भावाने गेल्याच्या आठवणी आमच्याकडे घरोघर सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने माळवदाची घरे जमीनदोस्त केली. माणसे गेली त्यापुढे भांड्यांचे काय, पण वाड्यांचे पिढीजात सामान ढिगाऱ्यात गेले, हेही खरे. कायदाही माहीत हवा. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हा १८७८ चा नियम आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने, जो १९७६ पासून लागू झाला, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची खासगी निर्यात बंद केली आणि विक्रीला परवाना आवश्यक केला. पांढर खणून वस्तू काढणारा माणूस माझ्या लेखी संग्राहक नाही. तो जागेची पानेच फाडतो.

माझ्याकडची सगळ्यांत साधी वस्तू म्हणजे तांब्याचा मूठभर गडू, तोंड डाख देऊन, म्हणजे धातूच्या जोडाने, बंद केलेला. काशीयात्रेहून गंगा आणण्याची ही जुनी रीत. काशीहून आणलेले कावडीतले पाणी एकनाथांनी तहानेल्या गाढवाला पाजले, ती कथा पैठणची, त्यामुळे असा गडू आपल्याकडे देव्हाऱ्यात असतोच. हा गडू मला भूम तालुक्यातून, आजीच्या माहेरून मिळाला. कानाशी धरून हलवला की आत अजून पाणी वाजते. मी त्याला घासलेले नाही, चिंच लावलेली नाही, आणि तो उघडणारही नाही. शेजारी एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर गावाचे नाव, आजीचे नाव आणि गडू हाती आला तो दिवस लिहिला आहे.